मंद आचेचे गणित : मांस वाळवताना कोळशाला लगाम कसा घालावा?

जऊळका (जि. वाशीम), प्रतिनिधी :

उन्हाळा लागला की वऱ्हाडातील घरांची छते आणि अंगणे वाळवणांनी भरून जातात. कुरडया, पापड, सांडगे, मुगवड्या यांच्या पांढऱ्या-पिवळ्या रांगा कडक उन्हात अंग शेकत पडलेल्या दिसतात. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील, मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव याच उन्हाच्या पट्ट्यात येते. पाणी काढून घेतले की अन्न टिकते, हे तत्त्व येथील कोणत्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही. मात्र वाळवणाच्या या परंपरेत एक पदार्थ असाही आहे, ज्याविषयी चारचौघांत फारसे बोलले जात नाही. तो म्हणजे वाळवलेले मांस.

गेल्या काही वर्षांत हाच पदार्थ ‘जर्की’ या परदेशी नावाने आणि आकर्षक वेष्टणात शहरी ग्राहकांपुढे आला आहे. त्याच्या जोडीला कोळशावर चालणारे स्मोकर, म्हणजे धुरावर अन्न शिजवण्याच्या वा वाळवण्याच्या भट्ट्या, फार्महाऊसवर आणि बंगल्यांच्या गच्चीवर दिसू लागल्या आहेत. हौसेने जर्की करायला बसलेल्यांपैकी अनेकांचा पहिला अनुभव मात्र सारखाच असतो. मांस वाळण्याऐवजी भाजून निघते. कोळसा कमी करावा तर विझतो, वाढवावा तर भडकतो. ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर भट्टी स्थिर ठेवणे हे सव्वाशे अंशांवर ठेवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. शिवाय ते साधले तरी प्रश्न संपत नाही, कारण ज्या मंद आचेवर मांस उत्तम वाळते, ती आच त्यातील रोगजंतू मारायला पुरेशी असतेच असे नाही. कोळशाला लगाम कसा घालावा आणि तो घातल्यावरही कोणते पथ्य पाळावे, या दोन्ही गोष्टी म्हणूनच एकत्र समजून घ्याव्या लागतात.

चान्या ते जर्की

‘जर्की’ हा शब्द दक्षिण अमेरिकेतील क्वेचुआ भाषेतील ‘चार्की’ या शब्दावरून आला, असे मानले जाते. अँडीज पर्वतरांगांतील लोक मांसाच्या पट्ट्या कोरड्या, थंड हवेत वाळवीत. दक्षिण आफ्रिकेतील ‘बिल्टाँग’ हा त्याचाच दूरचा भाऊबंद. आपल्या ईशान्येकडील राज्यांत चुलीवरच्या माळ्यावर मांस टांगून धुरावर सुकवण्याची पद्धत आजही रूढ आहे. कोकणातील सुके बोंबील आणि गोव्यातील मसालेदार सॉसेज यांच्यामागेही मीठ, वारा, ऊन वा धूर यांचे हेच शास्त्र आहे.

महाराष्ट्राच्या पठारी भागात या पदार्थाला ‘चान्या’ म्हणतात. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावून त्या दोरीवर उन्हात वाळवायच्या आणि पुढे गरजेनुसार निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात शिजवून भाकरीबरोबर खायच्या, अशी ही रीत. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यजीवनाची सविस्तर नोंद शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली. त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. ‘उत्तम’ पाककृतींच्या पुस्तकांत ज्यांना जागा मिळाली नाही, असे अनेक पदार्थ त्यामुळे मुद्रित अक्षरांत आले. वाशीम जिल्हा मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याला लागूनच असल्याने ही खाद्यसंस्कृती येथील वाचकांना परकी नाही.

या पदार्थामागे हौस नव्हती, टंचाई होती. गावगाड्यात मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले होते, त्यांच्याच वाट्याला ते मांस येई. एका दिवसात न संपणारे मांस टिकवण्यासाठी ऊन हा एकमेव बिनखर्ची उपाय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, ते आत्मसन्मानाच्या प्रश्नाशी जोडूनच. आरोग्याच्या दृष्टीनेही त्या आवाहनाला भक्कम आधार होता. काळपुळीसारख्या रोगाने दगावलेल्या जनावराच्या मांसातील जंतूंची बीजे उन्हात वाळवल्याने नष्ट होत नाहीत. आज जर्की करू पाहणाऱ्याने पहिला नियम येथूनच घ्यावा : मांस तपासणी झालेल्या, निरोगी जनावराचे आणि ताजे असलेच पाहिजे. वाळवण हा बिघडलेले मांस सुधारण्याचा उपाय नव्हे.

कोणते मांस वापरता येईल, यालाही कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्रात गायीपाठोपाठ २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैसवर्गीय जनावरांच्या कत्तलीला प्रमाणपत्राची अट आहे. परदेशी पुस्तकांत हरणाच्या मांसाच्या जर्कीची वर्णने आढळतात. परंतु आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार हा गंभीर गुन्हा आहे. ज्या जिल्ह्यात काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य राखले गेले, तेथील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. व्यवहारात आपल्याकडे बोकड, कोंबडी आणि परवानाधारक दुकानातील म्हशीचे मांस एवढेच पर्याय उरतात. त्यातही चरबी जितकी कमी तितके बरे, कारण चरबी वाळत नाही. ती खवट होते.

शिजवणे वेगळे, वाळवणे वेगळे

ताज्या मांसाच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. साधारणपणे एक किलो कच्च्या मांसापासून अडीचशे ग्रॅम जर्की हाती येते, यावरून किती पाणी घालवायचे आहे याची कल्पना यावी. हे पाणी आतून पृष्ठभागापर्यंत येण्यास आणि तेथून हवेत उडून जाण्यास वेळ लागतो. आच जास्त झाली की वरचा थर आधीच कडक होतो आणि आतले पाणी आतच कोंडले जाते. असा तुकडा बाहेरून खडखडीत वाळलेला वाटतो, पण डब्यात भरल्यावर आठवड्याभरात त्यावर बुरशी धरते. म्हणूनच वाळवणाच्या मुख्य टप्प्यात भट्टीतील हवा ५५ ते ७० अंशांच्या दरम्यान असावी आणि ती सतत वाहती असावी, असा दंडक आहे. मोठ्या मांसखंडांसाठी स्मोकर एरवी १०५ ते १२० अंशांवर चालवला जातो. जर्कीसाठी त्याच्या जवळपास निम्म्यावर यावे लागते.

येथेच कोळशाचा स्वभाव आडवा येतो. एक किलो चांगल्या कोळशात सुमारे आठ युनिट विजेइतकी उष्णता साठलेली असते. म्हणजे हजार वॉटचा हीटर आठ तास चालवावा, इतकी. दोनशे लिटरच्या पत्र्याच्या पिंपाचा स्मोकर बाहेरच्या हवेपेक्षा ४० अंशांनी गरम ठेवायचा झाल्यास साधारण आठशे ते हजार वॉट उष्णता पुरते. याचा ढोबळ हिशेब तासाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम कोळसा, म्हणजे जेमतेम मूठ-दोन मुठी, असा निघतो. शेगडीभर कोळसा एकदम पेटवणाऱ्याची चूक येथे उघड होते. आठ तासांची शिदोरी तो एका तासात उधळत असतो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी वऱ्हाडात विशेष महत्त्वाची आहे. मे महिन्याच्या दुपारी सावलीतील तापमान ४३ अंशांवर असताना पिंप ६५ अंशांवर ठेवायचे, तर लागणारी आच इतकी लहान होते की निखारा स्वतःला जिवंत ठेवू शकत नाही. तो विझतो, पुन्हा पेटवावा लागतो आणि तापमान झोके खाते. त्यात पिंप उन्हात ठेवले असेल तर पत्रा स्वतःच तापतो. यामुळे कोळशावर मंद आचेचे काम करायला वऱ्हाडातील डिसेंबर-जानेवारीचे दिवस मे महिन्यापेक्षा अनुकूल ठरतात. उन्हाळ्यातच करायचे असेल तर पहाटे सुरुवात करून, सावलीत, ऊन चढण्याआधी बराचसा भाग उरकावा.

हवा हाच लगाम

कोळशाच्या आचेवर ताबा ठेवण्याची साधने तीनच आहेत : एका वेळी किती कोळसा पेटलेला आहे, त्याला किती हवा मिळते आणि मांस त्यापासून किती दूर आहे. चुलीपुढे बसणाऱ्या कोणालाही हे नवे नाही. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजताना वऱ्हाडी माणूस हेच करीत असतो. जाळ संपू द्यायचा, निखारे पसरायचे, वर राखेची चादर ओढायची आणि उरलेल्या धगीवर रोडगे आतपर्यंत भाजू द्यायचे. राख हवेला अडवते आणि आच लांबते. स्मोकरमध्ये राखेचे हे काम खालच्या झरोक्यांनी करायचे असते.

आधी कोळशाची मांडणी. डास पळवणारी वेटोळ्याची अगरबत्ती एका टोकाने पेटवली की रात्रभर जळते, कारण एका वेळी तिचा अगदी थोडा भाग पेटलेला असतो. कोळशाचीही तशीच रांग भट्टीच्या कडेने अर्धवर्तुळाकार लावावी आणि तिच्या एका टोकाशी फक्त तीन-चार फुललेले निखारे ठेवावेत. आच रांगेतून सावकाश पुढे सरकत जाते. भाजण्याच्या तापमानासाठी ही रांग दुहेरी लावतात. जर्कीसाठी एकेरी पुरते. आपल्या बाजारात मिळणारा लाकडी कोळसा ओबडधोबड असतो. त्यामुळे मोठे तुकडे फोडून साधारण लिंबाएवढे करावेत, चुरा चाळून बाजूला काढावा आणि तुकडे एकमेकांना टेकतील असे रचावेत. मध्ये फट राहिली की आच तेथेच थांबते. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या एकसारख्या विटा मिळाल्या तर काम सोपे होते. 

दुसरी पद्धत अमेरिकेतील जिम मिनियन या स्पर्धक आचाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. तीत न पेटलेल्या कोळशाच्या ढिगावर मोजकेच पेटते निखारे ठेवून आच हळूहळू खाली जाऊ देतात. तासन् तास चालणाऱ्या कामासाठी ती उत्तम असली, तरी जर्कीच्या तापमानासाठी रांगेची पद्धत अधिक हुकमी आहे. ढीग एकदा मनावर घेऊन पेटला की त्याला आवरणे कठीण असते.

यानंतर झरोके. नियम असा की वरचा झरोका पूर्ण उघडा ठेवावा आणि आच खालच्या झरोक्यानेच कमी-जास्त करावी. नवखा माणूस नेमके उलटे करतो. तापमान वाढले की तो वरचा झरोका बंद करतो. त्यामुळे आच थोडी मंदावते खरी. पण ओलसर वाफ आणि कोंडलेला धूर आतच फिरत राहतो, मांस वाळत नाही आणि त्यावर कडू, काळपट, डांबरी थर बसतो. दाट पांढरा धूर हे कोंडलेल्या आगीचे लक्षण आहे. चांगला धूर विरळ, निळसर आणि जेमतेम दिसणारा असतो. चवीसाठी लाकूड घालायचे तर आंबा, पेरू यांसारख्या फळझाडांच्या वाळलेल्या लाकडाच्या एक-दोन ढलप्या पुरेत. रंगवलेले लाकूड, प्लायवूड किंवा जुन्या खोक्यांच्या फळ्या कटाक्षाने टाळाव्यात.

खालचा झरोका बोटभर उघडा ठेवून सुरुवात करावी. एकदा बदल केला की पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मगच दुसरा बदल करावा. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, असे म्हणतात. कोळशाचा तापही तसाच आहे. चढलेले तापमान उतरवणे हे हळूहळू चढवण्यापेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे ५० अंशांच्या आसपास पोहोचताच झरोका आवळायला घ्यावा. आच हाताबाहेर गेलीच तर पाणी मारू नये. त्याने राख उडते आणि वाफेने हात भाजतो. लांब चिमट्याने दोन-तीन निखारे काढून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावेत. ‘थोडे थंड होऊ द्यावे’ म्हणून झाकण उघडे ठेवण्याचा मोहही आवरावा. क्षणभर पारा उतरतो, पण मिळालेल्या मोकळ्या हवेने निखारे फुलतात आणि झाकण लावताच तापमान आधीपेक्षा वर जाते.

तिसरे साधन अंतर आणि आडोसा. जाळी निखाऱ्यांपासून शक्य तितक्या उंचीवर ठेवावी आणि मध्ये एक पसरट भांडे ठेवावे, म्हणजे थेट धग मांसाला लागत नाही. मोठे मांस शिजवताना या भांड्यात पाणी भरतात. वाळवण करताना ते पाणी वाफ होऊन हवा दमट करते आणि काम लांबवते. म्हणून मुख्य टप्प्यात पाण्याऐवजी कोरडी वाळू किंवा विटांचे तुकडे घालावेत. जाड भिंतीचा माठ जसा बाहेरचे उन्ह एकदम आत येऊ देत नाही, तशी तापलेली वाळू तापमानाचे झोके सौम्य करते.

तापमापक मात्र हवाच. झाकणावरील तबकडी झाकणाजवळची हवा सांगते, मांसाजवळची नव्हे. या दोहोंत बराच फरक पडू शकतो. म्हणून तारेचा तापमापक जाळीवर, मांसाशेजारी ठेवावा. तो खरा आहे का, हे उकळत्या पाण्यात बुडवून पाहता येते. पठारावरील गावांत त्याने साधारण ९८ ते ९९ अंश दाखवले तर तो विश्वासार्ह समजावा.

माठ थंड का राहतो?

आता या विषयाच्या गाभ्याकडे. तापमापक ७० अंश दाखवत असताना मांसही ७० अंशांवर आहे, असा समज स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा आहे. वैशाखात बाहेर ४४ अंशांची लाही होत असताना माठातील पाणी गार का असते? कारण माठाच्या अंगावरून उडणारे पाणी जाताना उष्णता घेऊन जाते. विदर्भातील घराघरांत चालणारे वाळ्याचे कूलर याच नियमावर थंडावा देतात. ओल्या मांसाची पट्टी कोरड्या, गरम, वाहत्या हवेत टांगली की तीही माठासारखीच वागते. सुरुवातीचे काही तास हवा ७० अंशांवर असली तरी पट्टीचा पृष्ठभाग तिशी-चाळिशीतच राहतो. हेच तापमान आतड्यांच्या विकारांना कारणीभूत होणाऱ्या जंतूंना सर्वांत जास्त मानवते. पुढे पाणी संपत आले की मांस तापू लागते. पण तोवर जंतू कोरड्या अवस्थेत गेलेले असतात आणि कोरडे जंतू ओल्या जंतूंपेक्षा उष्णता अधिक सहन करतात.

हा केवळ पुस्तकी धोका नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९९५ मध्ये घरी वाळवलेल्या हरणाच्या मांसामुळे ई-कोलाय या जिवाणूच्या घातक प्रकाराची लागण झाली. न्यू मेक्सिको राज्यात २००३ मध्ये जर्कीमुळे साल्मोनेलाची साथ उद्भवली. नुसते वाळवणे पुरेसे नाही, हा धडा तेथील यंत्रणांनी त्यातून घेतला. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस स्पष्ट आहे : मांस वाळवण्यापूर्वी ते आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापवावे, कोंबडी असल्यास ७४ अंश, आणि मगच ५५ ते ६० अंशांवर वाळवावे. उन्हात मांस वाळवण्याचा सल्ला आता दिला जात नाही, त्याचेही कारण हेच. वऱ्हाडातील ४५ अंशांचे ऊन माणसाला असह्य होते, पण जंतू मारायला ते फार कमी पडते.

मग पिढ्यान् पिढ्या चान्या खाल्ल्या गेल्या, त्या कशा? याचे उत्तर त्यांच्या कृतीतच आहे. चान्या उन्हात वाळवल्या जात. परंतु दोरीवरून काढून तशाच खाल्ल्या जात नसत. त्या निखाऱ्यावर भाजल्या जात किंवा कालवणात रटरट शिजवल्या जात. जंतूंना मारणारी पायरी शेवटी का होईना, पण होती. ती रीतही निर्धोक नव्हती. काही जिवाणूंनी वाळवणाच्या काळात तयार केलेले विष नंतरच्या भाजण्यानेही नाहीसे होत नाही. तरीही ती पायरी होती. जर्की मात्र पुडी फोडून थेट तोंडात टाकली जाते. परंपरेतून वाळवण घेतले आणि भाजणे गाळले, तर जो धोका उरतो तो जुन्या चुलीचा नव्हे, नव्या हौसेचा असतो.

कृती, टप्प्याटप्प्याने

मांस आधी फ्रीजरमध्ये अर्धवट गोठवून घेतले की पातळ कापणे सोपे जाते. पट्ट्या सहा मिलिमीटरपेक्षा जाड नसाव्यात आणि सर्व एकसारख्या असाव्यात. दृश्य चरबी काढून टाकावी. मीठ, मिरपूड, लसूण, तिखट, चिंचेचा कोळ किंवा व्हिनेगर यांच्या मिश्रणात पट्ट्या रात्रभर मुरवाव्यात. मात्र फ्रीजमध्ये, ओट्यावर नव्हे. कारखान्यांतील जर्कीत नायट्राइटसारखे क्षार अत्यंत मोजून घातले जातात. घरी सोरा किंवा तत्सम पदार्थ अंदाजाने टाकणे जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या दिवशी त्याच मिश्रणात पट्ट्या घालून उकळी आणावी आणि पाच मिनिटे उकळू द्यावे. यामुळे जर्कीचा रंग आणि पोत थोडा बदलतो हे खरे. पण मांस ओले असतानाच जंतू मारण्याचा घरगुती पातळीवरचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पट्ट्या निथळून, कोरड्या करून, एकमेकींना न टेकता लगेच तापलेल्या स्मोकरच्या जाळीवर मांडाव्यात. वर सांगितल्याप्रमाणे तापमान ६० अंशांच्या आसपास राखावे. धूर पहिल्या तास-दोन तासांपुरताच द्यावा. पुढे केवळ निखारा आणि वाहती हवा पुरते. पट्ट्यांची जाडी आणि हवेतील ओलावा यांनुसार या कामाला चार ते आठ तास लागू शकतात. पावसाळ्यात त्याहून अधिक वेळ लागतो.

तयार झाल्याची खूण अशी : एक पट्टी थंड होऊ देऊन वाकवावी. ती चिरली पाहिजे, पण तुटून दोन होता कामा नये. नुसती वाकली तर आत पाणी आहे, काडीसारखी मोडली तर जास्त वाळली. पूर्ण थंड झाल्यावर हवाबंद बरणीत भरावी. घरी केलेली जर्की साधारण तापमानाला एक ते दोन महिने टिकते, असे मानले जाते. आपल्याकडील उष्मा आणि पावसाळी दमटपणा पाहता ती फ्रीजमध्ये ठेवणेच शहाणपणाचे. बरणीच्या आतून दव दिसले किंवा वास बदलला तर मोह न धरता फेकून द्यावी.

धुराची दुसरी बाजू

दोन धोक्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पहिला धोका कोळशाचा. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. मंद आचेवर, कमी हवेत जळणाऱ्या कोळशातून तो अधिक प्रमाणात निघतो, म्हणजे जर्कीसाठी जी स्थिती हवी, तीच या दृष्टीने सर्वांत घातक. बंद गॅलरी, स्वयंपाकघर, गॅरेज किंवा पावसामुळे ताडपत्रीने झाकलेली गच्ची येथे स्मोकर कदापि पेटवू नये. खिडकी उघडी ठेवणे हा पुरेसा उपाय नाही. काम संपल्यावर विझल्यासारखे दिसणारे निखारेही घरात आणू नयेत. पिंपापासून स्मोकर करणाऱ्यांनी रसायनांचे वा कीटकनाशकांचे जुने पिंप आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टाळावा.

दुसरा धोका अतिसेवनाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. खारवलेले आणि धुरावलेले मांस यात येते, जर्कीही येते. मिठाचे प्रमाण लक्षात घेता रक्तदाबाच्या रुग्णांनी तर जपूनच राहावे. अधूनमधून चाखण्याचा हा पदार्थ आहे, रोजच्या डब्याचा नव्हे.

ज्यांना या पदार्थाची विक्री करायची आहे, त्यांच्यासाठी २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार नोंदणी किंवा परवाना बंधनकारक आहे. घरगुती स्वरूपाचा व्यवसायही त्यातून सुटत नाही.

निखाऱ्याची शिस्त

विजेवर चालणारी वाळवणयंत्रे आता सहज मिळतात. बटण फिरवले की ती हवे ते तापमान धरून ठेवतात. केवळ सोयीचा विचार केला तर कोळशाला त्यांच्यापुढे उभे राहता येणार नाही. तरीही धुराची चव आणि आच सांभाळण्याचा आनंद यांसाठी काही जण निखाऱ्याकडे वळतीलच. त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की मंद आच हे वाळवण्याचे साधन आहे, निर्जंतुक करण्याचे नव्हे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे : आधी उकळी, मग वाळवण.

जऊळक्याच्या परिसरात रोडग्यांच्या आरावर राख ओढणाऱ्या हातांना तापमापकाची गरज भासली नाही, कारण पिढ्यांचा अनुभव त्यांच्या तळव्यात उतरलेला होता. चान्या वाळवणाऱ्या हातांकडेही असेच ज्ञान होते. फक्त त्याला कोणी ज्ञान म्हटले नाही. तोच पदार्थ आज परक्या नावाने आणि चढ्या भावाने विकला जात असताना, त्यामागचे कौशल्य कोणाचे होते आणि ते कोणत्या परिस्थितीतून आले होते, याचे भान सुटू नये. आणि त्या कौशल्यातील शेवटची पायरी, म्हणजे खाण्यापूर्वी अन्नाला दिलेली खरी आच, गाळली जाऊ नये.